एझिने कालू आणि नायजेरियाचा 'डी'टायग्रेस' संघ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नायजेरियाच्या महिला बास्केटबॉल संघाचे, म्हणजे 'डी'टायग्रेस' या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या संघाचे, सामने पाहून अनेकांना या संघातील खेळाडूंविषयी कुतूहल वाटू लागले. त्यांचा जन्म कुठला, त्या एरवी कोठे खेळतात, पोटापाण्यासाठी काय करतात आणि मूळ देशाशी त्यांचे नेमके नाते काय, अशा प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. मध्यवर्ती उदाहरण एझिने कालू हिचे घेतले आहे. मात्र एकट्या तिच्या वाटचालीतून सगळे चित्र दिसत नाही, म्हणून इतर खेळाडूंची उदाहरणेही वेळोवेळी येतील.

एझिने कालू कोण आहे?

एझिने कालू ही नायजेरियाच्या राष्ट्रीय महिला बास्केटबॉल संघाची गार्ड आहे, म्हणजे चेंडू पुढे नेणे, चाल रचणे आणि वेळ पडल्यास स्वतः बास्केट करणे ही तिची जबाबदारी असते. तिचा जन्म २६ जून १९९२ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, न्यूअर्क शहरात झाला. महाविद्यालयीन बास्केटबॉल ती जॉर्जिया राज्यातील सव्हाना स्टेट विद्यापीठाकडून खेळली आणि त्यानंतरचे तिचे व्यावसायिक आयुष्य मुख्यतः युरोपातील क्लबांमध्ये घडले. नायजेरियाकडून ती २०१८ चा विश्वचषक, टोकियो ऑलिम्पिक आणि पॅरिस ऑलिम्पिक खेळली, आणि २०१९ च्या आफ्रोबास्केट या आफ्रिका खंडाच्या अजिंक्यपद स्पर्धेत ती सर्वोत्तम खेळाडू ठरली.

तिच्या नावाचा अर्थ काय?

'एझिने' हे नायजेरियातील इग्बो समाजाच्या भाषेतील नाव असून त्याचा अर्थ 'चांगली आई' असा होतो. ओकोंक्वो, अमुकामारा, एलोनू, ओग्वुमिके ही या संघाच्या संदर्भात सतत कानावर पडणारी आडनावेही इग्बोच आहेत.

जन्म अमेरिकेतला असताना ती नायजेरियाकडून कशी खेळते?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्याचे उत्तर दोन पातळ्यांवर द्यावे लागते: एक देशाच्या कायद्याची आणि दुसरी खेळाच्या नियमांची.

नायजेरियाच्या १९९९ च्या राज्यघटनेनुसार आई-वडिलांपैकी एक जण नायजेरियन नागरिक असेल, तर देशाबाहेर जन्मलेले मूलही जन्मतः नायजेरियन नागरिक ठरते, आणि असे जन्मजात नागरिकत्व दुसऱ्या देशाच्या नागरिकत्वासोबत ठेवता येते. आपल्याकडे तशी सोय नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी भारतीय पासपोर्टशिवाय देशाच्या संघात जागा मिळत नाही. त्यामुळे न्यू जर्सीत मराठी घरात वाढलेल्या एखाद्या मुलीला भारताची जर्सी घालायची असेल, तर तिला आपले अमेरिकी नागरिकत्व सोडावे लागेल, पण शेजारच्याच गल्लीत इग्बो घरात वाढलेल्या मुलीपुढे हा पेच उभा राहत नाही. नायजेरियाच्या संघाची ताकद समजून घ्यायची असेल, तर हा कायदेशीर फरक आधी लक्षात घ्यायला हवा.

मात्र राज्यघटनेने नागरिक मानले म्हणून आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ, म्हणजे फिबा, मान्यता देतोच असे नाही. ज्या खेळाडूने वयाच्या सोळाव्या वर्षानंतर नागरिकत्व किंवा पासपोर्ट मिळवला, अशी एकच खेळाडू एका संघात असू शकते, असा फिबाचा सर्वसाधारण नियम आहे. शिवाय एका देशाकडून फिबाच्या प्रमुख स्पर्धेत खेळल्यावर दुसऱ्या देशाकडे जाणे फार अवघड असते. २०२१ मध्ये याचा फटका नेका ओग्वुमिके हिला बसला. टेक्सासमध्ये नायजेरियन कुटुंबात जन्मलेली नेका २०१६ मध्ये डब्ल्यूएनबीएची, म्हणजे अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, सर्वोत्तम खेळाडू ठरली होती. टोकियोसाठीच्या अमेरिकी संघात तिची निवड झाली नाही, तेव्हा तिने नायजेरियाकडून खेळण्याची परवानगी मागितली. २०१४ आणि २०१८ असे दोन विश्वचषक ती अमेरिकेकडून जिंकलेली असल्यामुळे फिबाने नकार दिला. तिच्याप्रमाणेच एलिझाबेथ विल्यम्स हिलाही नकार मिळाला आणि क्रीडा लवादाकडे धाव घेऊनही उपयोग झाला नाही. नेकाची धाकटी बहीण एरिका हिच्यापुढे असा कोणताच अडथळा नव्हता, त्यामुळे ती टोकियोत नायजेरियाकडून खेळली. एकाच घरातल्या बहिणी, तोच वारसा, तेच पासपोर्ट मिळण्याचे हक्क, आणि तरीही एकीला दार उघडे आणि दुसरीला बंद. नियमाचे हे टोक मला आजही काहीसे कठोर वाटते, पण नियम नसता तर राष्ट्रीय संघांची खरेदी-विक्री सुरू झाली असती, हेही तितकेच खरे.

सव्हाना स्टेट हे फारसे ऐकलेले नाव नाही. तेथून व्यावसायिक खेळाडू घडतात का?

क्वचित घडतात, आणि म्हणूनच कालूची वाटचाल लक्ष देण्यासारखी आहे. सव्हाना स्टेट हे ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठांपैकी एक आहे. अमेरिकेत महिला बास्केटबॉलच्या पहिल्या श्रेणीत साडेतीनशेच्या आसपास विद्यापीठे खेळतात, पण दूरचित्रवाणी, निवड करणारे निरीक्षक आणि पैसा यांची गर्दी त्यांतील मोजक्या पंचवीस-तीस ठिकाणी होते. बाकीच्या विद्यापीठांत खेळणाऱ्या मुलींना शिष्यवृत्ती मिळते, पदवी मिळते, आणि शेवटचा सामना संपला की बहुतेकींचे बास्केटबॉलही तेथेच संपते. त्यानंतरही खेळत राहायचे असेल, तर एखादा एजंट शोधून, सामन्यांच्या चित्रफिती पाठवून, युरोपातील एखाद्या लहानशा क्लबात पहिली जागा मिळवावी लागते आणि तेथून एकेक पायरी चढावी लागते. कालू याच मार्गाने गेली.

जाता जाता एक योगायोग सांगण्यासारखा आहे. सव्हाना स्टेटच्या खेळाडूंना 'टायगर्स' म्हणतात. पुढे ती 'टायग्रेस' झाली.

नायजेरियात जन्मलेल्या मुलीचा मार्ग वेगळा असतो का?

वेगळा असतो, आणि बराच खडतर असतो. लागोसच्या एव्हलिन अखाटोर हिचे उदाहरण घेऊ. १९९५ मध्ये जन्मलेली अखाटोर अमेरिकेत आली ती थेट एखाद्या मोठ्या विद्यापीठात नव्हे, तर फ्लॉरिडा राज्यातील मॅरियाना या छोट्या गावातल्या चिपोला कॉलेजात. हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणारे कॉलेज आहे. २०१५ मध्ये चिपोलाने अशा कनिष्ठ महाविद्यालयांचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, त्यानंतर अखाटोर केंटकी विद्यापीठात दाखल झाली, आणि शेवटच्या वर्षी प्रत्येक सामन्यात सरासरीने दहापेक्षा जास्त गुण व दहापेक्षा जास्त रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर चेंडू ताब्यात घेणे) अशी कामगिरी तिने केली. १३ एप्रिल २०१७ रोजी झालेल्या डब्ल्यूएनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडप्रक्रियेत, डॅलस विंग्ज संघाने तिला पहिल्या फेरीत, एकूण तिसऱ्या क्रमांकावर निवडले.

देशांतर्गत स्पर्धा नायजेरियात आहे. झेनिथ बँकेच्या पुरस्काराने महिलांची लीग अनेक वर्षे चालत आली आहे आणि लागोसच्या फर्स्ट बँकेचा 'एलिफंट गर्ल्स' हा क्लब किंवा एमएफएमसारखा एका धार्मिक संस्थेचा क्लब ही तेथील परिचित नावे आहेत. तरीही या लीगच्या बळावर वर्षभर व्यावसायिक खेळाडू म्हणून जगणे कठीण असते, म्हणून गुणी मुलीची नजर लवकरच परदेशी शिष्यवृत्तीकडे वळते. त्यासाठी उंची आणि कौशल्य पुरत नाही. परीक्षेचे गुण लागतात, व्हिसा लागतो, आणि परदेशातील प्रशिक्षकाला तिचे नाव कळवणारे कोणीतरी लागते. अथेन्स ऑलिम्पिकमध्ये नायजेरियाकडून खेळलेली मोबोलाजी अकिओडे हिने नेमकी हीच पोकळी ओळखून 'होप फॉर गर्ल्स आफ्रिका' ही संस्था सुरू केली आणि मुलींसाठी शिबिरे भरवली. एलिझाबेथ बलोगन ही नायजेरियात जन्मलेली खेळाडूही शालेय वयातच अमेरिकेत गेली आणि पुढे जॉर्जिया टेक, लुइव्हिल व ड्यूक अशा तीन विद्यापीठांकडून खेळली.

या दोन प्रवासांची दिशा एकमेकींच्या उलट आहे. अखाटोर लागोसहून अमेरिकेला गेली, तर कालू अमेरिकेतून युरोपात गेली. दोघी एकत्र आल्या त्या हिरव्या-पांढऱ्या जर्सीत.

कालू डब्ल्यूएनबीएमध्ये का दिसली नाही?

डब्ल्यूएनबीएमध्ये जागा फार थोड्या असतात. २०२४ पर्यंत या लीगमध्ये बारा संघ होते आणि प्रत्येक संघात जास्तीत जास्त बारा खेळाडू, म्हणजे संपूर्ण लीगमध्ये फार तर १४४ जागा होत्या. तेराव्या संघाची भर २०२५ मध्ये पडली. बारा संघ असताना ड्राफ्टच्या तीन फेऱ्यांत दरवर्षी छत्तीसच्या आसपास खेळाडू निवडल्या जात आणि त्यांतील निम्म्या तरी पहिल्या हंगामाच्या अंतिम यादीपर्यंत पोहोचतील याची खात्री नसे. कालूची ड्राफ्टमध्ये निवड झाली नाही. अखाटोरची तर तिसऱ्या क्रमांकावर निवड होऊनही ती डॅलसमध्ये २०१७ चा एकच हंगाम खेळली, आणि नंतर तिलाही परदेशी क्लबांचीच वाट धरावी लागली.

म्हणून 'डब्ल्यूएनबीएमध्ये नाही, म्हणजे दुय्यम खेळाडू' हे समीकरण चुकीचे आहे. २०२४ मध्ये ड्राफ्टच्या पहिल्या चार क्रमांकांतील नवख्या खेळाडूचा वर्षाचा मूळ पगार ७६,५३५ डॉलर होता. त्या काळापर्यंत अमेरिकेच्या नामवंत खेळाडूही हिवाळ्यात तुर्कस्तान, चीन किंवा पूर्वी रशियात खेळून त्यापेक्षा जास्त कमाई करत असत, हे पाहिले म्हणजे युरोपातील क्लब बास्केटबॉलचे वजन लक्षात येते.

युरोपात खेळणाऱ्या खेळाडूचे वर्ष कसे जाते?

युरोपातील हंगाम साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि एप्रिल-मेपर्यंत चालतो. करार बहुतेक वेळा एकाच हंगामाचा असतो. पगाराबरोबर क्लब राहण्यासाठी फ्लॅट देतो, येण्या-जाण्याचे विमानभाडे देतो, आणि करारात ठरले असेल तर गाडीही देतो. फ्रान्स, स्पेन, तुर्कस्तान, इटली, हंगेरी, पोलंड अशा प्रत्येक देशाची लीग वेगळी, भाषा वेगळी आणि एका संघात किती परदेशी खेळाडू घ्यायच्या याचे नियमही वेगळे असतात. गुडघा दुखावला किंवा संघ सलग हरू लागला, की सर्वांत आधी बदलली जाते ती परदेशी खेळाडू. नव्या देशात जाताना जुन्या देशाच्या संघटनेकडून परवानगीपत्र घ्यावे लागते, त्याशिवाय नोंदणी होत नाही.

काही क्लब पगार थकवतात. या तक्रारींचे प्रमाण इतके होते की २००७ मध्ये फिबाच्या पुढाकाराने जिनिव्हा येथे बास्केटबॉलसाठी स्वतंत्र लवाद स्थापन करावा लागला. खेळाडूच्या करारात या लवादाचा उल्लेख असेल, तर ती तेथे दाद मागू शकते, आणि निकाल न पाळणाऱ्या क्लबावर नव्या खेळाडूंच्या नोंदणीची बंदी येऊ शकते. करार करताना पगाराच्या आकड्याइतकेच हे कलम वाचणे महत्त्वाचे असते.

राहतो उन्हाळा. राष्ट्रीय संघाच्या बहुतेक मोठ्या स्पर्धा क्लबांचे हंगाम संपल्यावर होतात, त्यामुळे विश्रांतीचा काळ नायजेरियाच्या शिबिरात जातो. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या बारा जणी काही दिवस किंवा फार तर काही आठवडे एकत्र सराव करतात आणि लगेच स्पर्धेत उतरतात. अशा खेळाडूची कारकीर्द क्लबांच्या यादीतून वाचू गेल्यास ती तुटक दिसते, आज हा देश तर उद्या तो. तीच उन्हाळ्यांच्या क्रमाने वाचली, की सलग वाटते. कालूच्या बाबतीत मला दुसरी पद्धत अधिक न्याय्य वाटते, कारण क्लब बदलत गेले तरी जर्सी एकच राहिली.

आफ्रोबास्केटमधील नायजेरियाची कामगिरी कशी आहे?

आफ्रोबास्केट ही आफ्रिका खंडाची अजिंक्यपद स्पर्धा असून महिलांसाठी ती आता दर दोन वर्षांनी होते. नायजेरियाने ती प्रथम २००३ मध्ये आणि नंतर २००५ मध्ये जिंकली. त्यानंतर मोठा खंड पडला. २०१७ मध्ये बामाको येथे सेनेगलला ६५-४८ असे हरवून संघ पुन्हा विजेता झाला, आणि तेव्हापासून या स्पर्धेत तो एकही सामना हरलेला नाही. २०१९ च्या अंतिम सामन्यात डाकारमध्ये, म्हणजे सेनेगलच्याच घरच्या प्रेक्षकांसमोर, नायजेरियाने ६०-५५ असा विजय मिळवला. कालूला सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळाला तो याच स्पर्धेत. २०२१ मध्ये याउंदे येथे मालीवर ७०-५९, २०२३ मध्ये किगाली येथे सेनेगलवर ८४-७४ आणि २०२५ मध्ये आबिदजान येथे पुन्हा मालीवर ७८-६४ असे विजय मिळाले. सलग पाच विजेतेपदे याआधी कोणत्याही संघाला मिळाली नव्हती. एकूण संख्येत मात्र सेनेगल अजून पुढे आहे. त्याच्या नावावर अकरा विजेतेपदे आहेत, तर नायजेरियाच्या नावावर सात.

२०२१ मध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरलेली अदाओरा एलोनू २०११ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या राष्ट्रीय विजेत्या संघात होती. २०२३ आणि २०२५ या दोन्ही वर्षी हा मान एमी ओकोंक्वो हिला मिळाला.

२०१८ च्या विश्वचषकाचा उल्लेख इतक्या वेळा का होतो?

स्पेनमधील टेनेरिफे बेटावर झालेल्या त्या स्पर्धेत नायजेरियाने तुर्कस्तान आणि अर्जेंटिनाला हरवले, ग्रीसविरुद्धचा सामना ५७-५६ असा एका गुणाने जिंकला, आणि महिला विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचणारा तो पहिला आफ्रिकी संघ ठरला. पुढे अमेरिकेने ७१-४० असे हरवले. पण आफ्रिकेबाहेरही हा संघ जिंकू शकतो, ही गोष्ट तेव्हा सिद्ध झाली होती.

मग २०२२ च्या विश्वचषकात संघ का नव्हता?

संघ पात्र ठरला होता. तरीही खेळाडूंची काहीही चूक नसताना तो खेळू शकला नाही. नायजेरियाच्या बास्केटबॉल संघटनेच्या नेतृत्वावरून २०१७ पासून वाद धुमसत होता. २०२१ च्या आफ्रोबास्केट विजयानंतर खेळाडूंनी थकलेले भत्ते आणि बक्षिसांच्या रकमा यांविषयी जाहीरपणे तक्रार केली. अखेर १२ मे २०२२ रोजी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने देशाला दोन वर्षांसाठी सर्व आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमधून माघार घ्यायला लावण्याचा निर्णय जाहीर केला. घराची साफसफाई करायची म्हणून घरच्यांनाच बाहेर काढावे, तसा हा प्रकार होता. निर्णय पुढच्याच महिन्यात मागे घेण्यात आला, पण तोपर्यंत फिबाने सिडनीतील विश्वचषकासाठी नायजेरियाच्या जागी मालीला स्थान दिले होते.

खेळाडूच्या दृष्टीने याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. विश्वचषक चार वर्षांनी एकदा येतो, तेथे जगभरातील क्लबांचे प्रतिनिधी हजर असतात, आणि तिशीला टेकलेल्या गार्डला अशा किती संधी मिळणार? कालू त्या वर्षी तीस वर्षांची झाली.

टोकियोत तीनही सामने हरलेला संघ पॅरिसमध्ये एकदम कसा जिंकला?

तो 'एकदम' जिंकला, हे म्हणणे तितकेसे बरोबर नाही. टोकियोत नायजेरियाला अमेरिकेने ८१-७२, फ्रान्सने ८७-६२ आणि जपानने १०२-८३ असे हरवले. त्या स्पर्धेतील सुवर्ण, रौप्य आणि कांस्य ही तीनही पदके अमेरिका, जपान आणि फ्रान्स यांनीच घेतली, म्हणजे नायजेरियाच्या वाट्याला आलेल्या गटात भावी पदकविजेते सगळेच्या सगळे होते. अमेरिकेविरुद्धचा पराभव अवघ्या नऊ गुणांचा होता.

पॅरिसची पात्रताही सोपी नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये बेल्जियममधील अँटवर्प येथे झालेल्या पात्रता स्पर्धेत अमेरिकेने नायजेरियाचा १००-४६ असा धुव्वा उडवला, यजमान बेल्जियमनेही हरवले, आणि सेनेगलविरुद्धच्या ७२-६५ या एकाच विजयावर संघ ऑलिम्पिकमध्ये पोहोचला. २६ जुलैच्या उद्घाटन सोहळ्यात तर नायजेरियाच्या पथकाच्या नौकेवर गर्दी झाल्याचे कारण देऊन आपल्याच देशाच्या अधिकाऱ्याने या संघाला नौकेवर चढू दिले नाही, आणि खेळाडू व प्रशिक्षक क्रीडाग्रामात परतल्या, असे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले.

तीनच दिवसांनी, २९ जुलै रोजी, लिल येथे नायजेरियाने ऑस्ट्रेलियाला ७५-६२ असे हरवले. ऑलिम्पिकमध्ये नायजेरियाच्या महिलांना याआधी मिळालेला एकमेव विजय २००४ चा, अथेन्समध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध ६८-६४ असा होता. म्हणजे मध्ये वीस वर्षे गेली होती. कालूने या सामन्यात १९ गुण केले. या विजयाचे गमक आक्रमणापेक्षा बचावात होते: प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच अर्ध्या मैदानात गाठायचे, चेंडू घेऊन येणाऱ्या खेळाडूवर दोघींनी तुटून पडायचे, घाईत फेकलेला पास मध्येच हिसकावायचा आणि समोरचा संघ सावरण्याच्या आत बास्केट करायचे. असा खेळ थकवणारा असतो आणि तो बारा जणींना आलटूनपालटून खेळवूनच पेलता येतो. उंच, संथ आणि आखीव चालींवर विसंबणाऱ्या संघांना तो सर्वांत जास्त त्रास देतो.

फ्रान्सकडून ७५-५४ असा पराभव झाल्यानंतर शेवटच्या गट सामन्यात कॅनडावर मात करणे आवश्यक ठरले, आणि नायजेरियाने तो ७९-७० असा जिंकला. त्या सामन्यात कालूने २१ गुण केले. फ्रान्स, ऑस्ट्रेलिया आणि नायजेरिया या तिघांचेही दोन विजय आणि एक पराभव झाले, आणि आपसांतील सामन्यांच्या गुणफरकावर क्रम ठरला. त्यात ऑस्ट्रेलियाचा फरक उणे सहा आणि नायजेरियाचा उणे आठ होता. या दोन गुणांनी नायजेरिया तिसऱ्या क्रमांकावर गेला, तरी उपांत्यपूर्व फेरीतील प्रवेश निश्चित झाला. पुरुष किंवा महिला, कोणत्याही आफ्रिकी बास्केटबॉल संघाला ऑलिम्पिकमध्ये तोपर्यंत ही फेरी गाठता आली नव्हती.

उपांत्यपूर्व सामन्यात ७ ऑगस्टला अमेरिकेने ८८-७४ असे हरवले. फेब्रुवारीत चोपन्न गुणांचे अंतर होते, ते सहा महिन्यांत चौदावर आले. अमेरिकेला सुवर्ण, फ्रान्सला रौप्य आणि ऑस्ट्रेलियाला कांस्य मिळाले, म्हणजे सलग दुसऱ्या ऑलिम्पिकमध्ये नायजेरिया तीनही पदकविजेत्यांशी खेळला. फरक एवढाच की या वेळी त्यांच्यापैकी एकाला त्याने हरवले होते.

प्रशिक्षक रेना वाकामा यांच्याविषयी काय सांगता येईल?

रेना वाकामा यांचाही जन्म अमेरिकेतला, नॉर्थ कॅरोलायना राज्यातला. त्या स्वतः २०१५ च्या आफ्रोबास्केटमध्ये नायजेरियाकडून खेळल्या होत्या. २०२३ मध्ये संघाची सूत्रे हाती आली तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आसपास होते, आणि त्याच वर्षी नायजेरियाला आफ्रोबास्केट जिंकून देणाऱ्या त्या पहिल्या महिला प्रशिक्षक ठरल्या. पॅरिसनंतर फिबाने महिला स्पर्धेतील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून त्यांची निवड केली आणि पुढे शिकागो स्काय या डब्ल्यूएनबीए संघाने त्यांना साहाय्यक प्रशिक्षक नेमले.

कालूच्या आधीच्या पिढीत कोणकोण होते?

पोर्ट हार्कोर्टमध्ये जन्मलेली माक्ताबेने अमाक्री २००१ मध्ये न्यूयॉर्क लिबर्टीकडून डब्ल्यूएनबीएमध्ये खेळली. म्फोन उडोका ही ओरेगॉनमधील पोर्टलंडची. तिचे वडील नायजेरियाचे. ती डिपॉल विद्यापीठातून पुढे आली, डब्ल्यूएनबीए खेळली, आणि २००३ व २००५ ची आफ्रोबास्केट विजेतेपदे तसेच अथेन्स ऑलिम्पिक यांत नायजेरियाची प्रमुख खेळाडू होती. एनबीएमधील प्रशिक्षक इमे उडोका हा तिचा धाकटा भाऊ. अशी क्रीडा कुटुंबे या संघात पुन्हा पुन्हा भेटतात. पॅरिसमध्ये अमेरिकेविरुद्ध संघाकडून सर्वाधिक गुण करणाऱ्या प्रॉमिस अमुकामारा हिचा भाऊ प्रिन्स अमुकामारा न्यूयॉर्क जायंट्सच्या सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना) जिंकलेल्या संघात होता.

राष्ट्रीय संघाकडून खेळून पैसे मिळतात का?

नियमित पगार मिळत नाही. भत्ता आणि विजयाचे बक्षीस मिळते, आणि ते वेळेवर मिळेलच असे नाही, हे २०२१ मध्ये दिसले. याच्या नेमके उलट चित्र २०२५ मध्ये दिसले. आबिदजानच्या विजेतेपदानंतर राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू यांच्या सरकारने प्रत्येक खेळाडूला एक लाख डॉलर, तीन शयनकक्षांचा एक फ्लॅट आणि 'ऑफिसर ऑफ द ऑर्डर ऑफ द नायजर' हा राष्ट्रीय सन्मान जाहीर केला. त्याआधी काही दिवसांपूर्वी महिला फुटबॉल संघालाही असेच बक्षीस जाहीर झाले होते, त्यामुळे बास्केटबॉलपटूंना वेगळी वागणूक देणे सरकारला अवघडच गेले असते. एवढी रक्कम कोणालाही नकोशी होणार नाही. पण बक्षीस ही सत्ताधाऱ्यांच्या मर्जीची बाब असते आणि भत्ता हा हक्क असतो. खेळाडूंनी २०२१ मध्ये जे मागितले ते दुसरे होते.

यापुढे हा संघ कोठे दिसेल?

२०२५ च्या आफ्रोबास्केट विजेतेपदामुळे नायजेरियाला २०२६ च्या महिला विश्वचषकात थेट प्रवेश मिळाला. ही स्पर्धा ४ ते १३ सप्टेंबर २०२६ या काळात बर्लिनमध्ये, सोळा संघांची, अशी ठरली आहे. सिडनीचा विश्वचषक हुकल्यामुळे २०१८ नंतरचा हा संघाचा पहिलाच. त्यानंतरचे ऑलिम्पिक २०२८ मध्ये लॉस एंजेलिस येथे आहे. नायजेरिया पात्र ठरला, तर संघातील अनेकींचा जन्म ज्या देशात झाला त्याच देशात त्या पाहुण्या म्हणून उतरतील, आणि कॅलिफोर्नियात वाढलेली एमी ओकोंक्वो संघात असेल, तर ती स्वतःच्याच राज्यात परदेशी संघाकडून खेळेल.